उत्तर: जार जोडले, तरी क्लास सापडत नाही

तुम्ही लिहिलंय की एक्लिप्समध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) जावा वेब ॲप बनवायच्या स्ट्रट्‌सचे सगळे जार (तयार क्लासच्या फाइली) बिल्ड पाथला जोडलेत, कोडखाली एकही लाल रेघ नाही, तरी टॉमकॅट (ॲप चालवणारा सर्व्हर) सुरू केला की 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' (क्लास सापडत नसल्याची एरर) येतं. वर दोघांनी एक्लिप्स नव्याने टाकायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका, दिवस वाया जाईल.

बिल्ड पाथ (एक्लिप्सने क्लास कुठे शोधायचे त्याची यादी) फक्त कंपाइल करताना कामाला येतो. टॉमकॅट मात्र जार शोधतो ते ॲपच्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या लिब फोल्डरमध्ये. तिथे जार टाका. मेवन (जार आपोआप आणणारं टूल) वापरत असाल तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये डिप्लॉयमेंट असेंब्ली उघडून मेवन डिपेंडन्सीज जोडा, मग सर्व्हर क्लीन करून पुन्हा चालवा.

एवढं करून भागलं नाही तर वेब डॉट एक्सएमएल (ॲपच्या सेटिंगची फाइल) नीट वाचा. मी नाशिकला कॉलेज रोडच्या खोलीवर प्रोजेक्ट करताना दोन रात्री इथेच अडकलो होतो. जुन्या नोट्समधून फिल्टरचं (येणाऱ्या रिक्वेस्ट आधी हाताळणारा क्लास) पूर्ण नाव जसंच्या तसं उतरवलं होतं, त्यात 'डिस्पॅचर'नंतर 'एनजी' होतं. स्ट्रट्‌स २.५ पासून ते 'एनजी' काढून टाकलंय! सकाळी एका सिनियर ताईंनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि पान उघडलं.

टॉमकॅट कितवा आहे तेही सांगा. स्ट्रट्‌स ६ असेल तर टॉमकॅट ९ च घ्या. १० पासून पॅकेजच्या नावात 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' आलंय, तिथे हा फिल्टर चालणार नाही. एररमधली 'कॉज्ड बाय'ची ओळ इथे टाका, मी रात्री बघतो.