मदत हवी आहे: ग्रंथपालपदाचा अनुभव अध्यापनात धरतात का?

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या विनाअनुदानित महाविद्यालयात चार वर्षांपासून ग्रंथपाल आहे. एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) 61 टक्के, सेट (राज्याची सहायक प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालंय, पीएच.डी. नाही. मला ग्रंथालयशास्त्र शिकवायचंय, मनापासून. दाखल नोंदवहीची पिवळी पानं उलटत पुस्तकं ‘सोल’ या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीवर चढवताना मदतीला आलेल्या पोरांना वर्गीकरण समजावलं, तिथूनच ही ओढ लागली.

यूजीसीचं 2018 चं नियमन वाचलंय. सहायक प्राध्यापकासाठी 55 टक्के आणि नेट किंवा सेट लागतं, तेवढं माझ्याकडं आहे. एका ग्रंथालयशास्त्र विभागात फोन करून अनुभवाचं विचारलं, तर ‘जाहिरात बघा’ म्हणाले. नोकरी सोडणं जमणार नाही, त्यामुळं पीएच.डी. केली तरी अर्धवेळच, नांदेड किंवा संभाजीनगरहून.

ग्रंथपालपदावरून अध्यापनात गेलेलं इथं कुणी आहे का? तुमची ग्रंथपालपदाची वर्षं मुलाखतीत अध्यापनाचा अनुभव म्हणून धरली का, आणि प्राचार्यांकडून प्रमाणपत्र नेमकं कोणत्या शब्दांत घेतलंत?