परदेशातल्या शाळांसाठी भूकंपपूर्व तयारीचं काम: महिनाभरासाठी कुठे, कोणाबरोबर जावं?

मोजपट्टी
नमस्कार मंडळी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, शिकवण्याचा अनुभव शून्य. एक महिना रजा मिळते आहे. ती परदेशात, भूकंपप्रवण भागातल्या शाळांच्या पूर्वतयारीच्या कामात घालवायची आहे. आपत्तीनंतरचं मदतकार्य नव्हे, आधीचं काम. मनात नेपाळ आहे, पण इंडोनेशिया, फिलिपिन्सही चालेल. प्रवास, विमा, जेवणखाण माझं मी बघेन. 'कार्यक्रम शुल्क' मात्र भरणार नाही. जाऊन आलेल्यांनी लिहा.

भटकभवानी
ती शुल्काची अट आधी काढून टाका. मी एजन्सीतर्फे गेले होते. विमानतळावर गाडी, राहायची उत्तम सोय, सुट्टीच्या दिवशी फिरवून आणणं, शेवटी प्रमाणपत्र. पैसे भरपूर गेले, पण डोक्याला ताप नाही. आम्ही शाळेच्या भिंती रंगवल्या. मुलं इतकी गोड! सवडीने फोटो टाकते.

उपरा_गवंडी
भवानीताई, रंगवल्याने भिंत पडायची थांबते का? आमच्याही गटाच्या हातात ब्रशच दिले होते. पुढच्या गटाने तीच भिंत दुसऱ्या रंगात रंगवली म्हणे. कोपऱ्यातून तिरका तडा गेला होता, तो दोन्ही रंगांखाली सुखात असेल.

भटकभवानी
मुलांच्या चेहऱ्यावरच्या आनंदाला काही किंमत नाही वाटतं.

शिस्तप्रिय
संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम बघा. शुल्क सोडाच, तेच निर्वाहभत्ता देतात. प्रत्यक्ष जाऊन करायच्या नेमणुका बहुधा बऱ्याच महिन्यांच्या असतात, त्यामुळे नोकरी सोडावी लागेल. पण महिनाभरात तसंही काय होणार?

मोजपट्टी
नोकरी सोडायची नाहीये हो.

शिस्तप्रिय
मग हौस म्हणा, सेवा म्हणू नका.

जुनाजाणता
कुठेही जा, पण मुलांना बाकाखाली शिरायला शिकवू नका. बाकाच्या शेजारी अंगाची मुटकुळी करून बसायचं. 'जीवन-त्रिकोण' म्हणतात त्याला. माझ्याकडे सचित्र फॉरवर्ड आहे, हवा असल्यास व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

फळा_आणि_डस्टर
काका, कृपया नको. तो त्रिकोण तज्ज्ञांनी केव्हाच मोडीत काढला आहे. खाली बसा, डोकं-मान झाका, टेबल असेल तर त्याखाली शिरून पाय धरून ठेवा, हीच शिकवण जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत चालते. हादऱ्यांत बरेच लोक पळताना पडून आणि अंगावर सामान कोसळून जखमी होतात.

उपरा_गवंडी
ताईंचं बरोबर, पण ते उभ्या राहणाऱ्या इमारतीत. मातीत रचलेल्या दगडी भिंती किंवा वर जड स्लॅब आणि खाली किडके खांब, तिथे बाक काय करणार? ८ ऑक्टोबर २००५ ला मुझफ्फराबाद-बालाकोट भागात सकाळी शाळा भरलेल्या होत्या. वर्गच कोसळले आणि हजारो मुलं गेली. २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप दुपारी बाराच्या सुमारास आला, हजारो वर्गखोल्या पडल्या. शनिवार होता, शनिवारी तिथे शाळांना सुट्टी, म्हणून मुलं वाचली.

जुनाजाणता
माझा मेहुणा लातूरच्या भूकंपात...

फळा_आणि_डस्टर
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे मूळ प्रश्न राहिलाय बाजूलाच.

पायरीवरचा
नेपाळच. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, फलक देवनागरीत. विषय संपला.

तिसरा_मजला
विषय इतक्यात कसा संपेल? बाकीच्या पासपोर्टवाल्यांना नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करायचीही मुभा नाही, तेव्हा हा धागा वाचून कोणी तिकीट काढू नये. भारतीयांनीही संस्थेकडून कामाचं पत्र लेखी घ्यावं. आणि जी संस्था पोलीस पडताळणीचा दाखला न मागता परक्या माणसाला वर्गात सोडते, तिच्याकडे जाऊच नये. त्यांनी तुमची चौकशी केली नाही, म्हणजे कोणाचीच करत नसणार.

आता इंजिनिअर म्हणून. महिनाभरात रेट्रोफिटिंग, म्हणजे उभी इमारत भूकंपात टिकेल अशी मजबूत करणं, डोक्यात असेल तर विसरा. त्याला तपासणी, आराखडा, स्थानिक मंजुरी आणि पुढची देखरेख लागते. नेपाळमध्ये एनसेट ही भूकंपसुरक्षेचं काम करणारी संस्था १९९३ पासून आहे. शाळा मजबूत करताना गावातल्या गवंड्यांनाच शिकवायचं अशी त्यांची रीत. २०१५ ला त्या शाळा टिकल्या. हे काम त्यांचे लोक आपल्यापेक्षा चांगलं करतात. आपल्या हाती उरतं ते बिनदिखाऊ काम: पुस्तकांची उंच कपाटं भिंतीला जखडणं, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांसमोर पट्टी ठोकणं, आत उघडणारी दारं बाहेर उघडतील अशी फिरवून घेणं, जिन्याखाली रचलेली मोडकी बाकं हलवणं, आणि हे सगळं शाळेच्या शिपायाला सोबत घेऊन, म्हणजे पुढच्या वर्षी तोच करेल. याचे फोटो मात्र अगदीच फिके येतात.

जमायची जागाही बघा. जपानमध्ये २०११ ला ओकावा प्राथमिक शाळेची इमारत हादऱ्यात पडली नव्हती. मुलं सुमारे पन्नास मिनिटं पटांगणात थांबली, मागे टेकडी असूनही. त्सुनामीत १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. उंचावर नेमकं कुठे जायचं हे आधी ठरलेलंच नव्हतं. आपत्तीपूर्व तयारीतल्या या कसुरीबद्दल पालकांना भरपाई देण्याचा निकाल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

पायरीवरचा
तेच म्हणतोय मी. नेपाळच. तिथे त्सुनामी नाही.

फळा_आणि_डस्टर
तिसरा_मजला यांना +१. काळाचंही बघा. पावसाळ्यात दरडी. दसैं-तिहारला, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीला, लांब सुट्ट्या. जानेवारीत डोंगरातल्या शाळा थंडीमुळे बंद. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

भटकभवानी
मीही फेब्रुवारीतच गेले होते. हवा काय सुंदर असते!

शिस्तप्रिय
फेब्रुवारी. आणि किमान सहा महिने.

मोजपट्टी
सर्वांचे आभार, जुनाजाणता यांचेही. जानेवारीत जायचं ठरवलं आहे. हो, शाळा बंद असतात म्हणूनच. मुलांसमोर बोलायला मला येत नाही. रिकाम्या वर्गात मात्र दिवसभर कपाटं हलवता येतील, भिंती ठोकून बघता येतील, आणि तास बुडाला म्हणून कोणी ओरडणार नाही. एका स्थानिक संस्थेशी बोलणं झालं. शुल्क नाही. त्यांच्या इंजिनिअरच्या हाताखाली काम करायचं आणि कागदावर माझी सही कुठेही नाही, ही अट त्यांनीच घातली, तिथेच पटलं. पडताळणीचा दाखलाही मी न विचारता त्यांनीच मागितला. माघ महिन्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा भूकंप सुरक्षा दिवस असतो, १९३४ च्या भूकंपाच्या आठवणीचा. त्या सुमारास शिक्षक आणि पालक तेवढ्यापुरते जमतील असं म्हणताहेत.

भटकभवानी
मुलंच नसतील तर जायचं कशाला? कमाल आहे.

फळा_आणि_डस्टर
मुलांशिवाय भूकंपाच्या कवायतीची चाचणी कशी घेणार? निदान बाहेर पडायचा रस्ता चालून, वेळ लावून बघा. शुभेच्छा.

उपरा_गवंडी
दगडमातीच्या भिंतीत रावल प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) धरत नाही, माती भुसभुशीत निघते. खिडकीची लाकडी चौकट घट्ट असेल तर आडवी पट्टी तिलाच बांध, नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट. आणि वीज गेली की काम ठप्प, तेव्हा हाताने फिरवायचं ड्रिल ठेव जवळ.

मोजपट्टी
हे आधी सांगायचं ना! यादीत टाकलं.

नवा_सभासद
छान धागा. फिलिपिन्सचं कोणी सांगेल का? शुल्क चालेल.