मध्यम बजेटमध्ये स्टिरिओ स्पीकर: टॉवर, बुकशेल्फ की ॲक्टिव्ह? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी गाणं ऐकण्यासाठी स्पीकरची एक चांगली जोडी घ्यायची आहे. बजेट मध्यम आहे. अगदी स्वस्तातलं नको, पण वर्षभरात कंटाळा आला म्हणून बदलता येईल अशीही परिस्थिती नाही. ॲम्प्लिफायर, स्टँड, वायर सगळं त्याच पैशांत बसवायचं आहे.

खोली १२ × १० फूट. फरशी उघडी, एका बाजूला पुस्तकांनी भरलेलं कपाट, खिडकीला जाड पडदा. स्पीकर १० फुटांच्या भिंतीपाशी राहतील आणि मी त्यांच्यापासून साधारण २ मीटरवर बसेन. खोली घरातल्या सगळ्यांच्या वापरातली आहे, त्यामुळे स्पीकर भिंतीपासून फार पुढे आणता येणार नाहीत.

ऐकणं मुख्यतः ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि एकल तबला. पुरुष गायक जास्त. सिनेमासाठी वापर जवळजवळ नाही, आणि बरंचसं ऐकणं रात्री, हळू आवाजात.

माझ्यापुढचे पर्याय असे:

१. दोन-दोन वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) टॉवर स्पीकर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच, आणि साधा ॲम्प्लिफायर.
२. साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, चॅनेलमागे (म्हणजे दर स्पीकरला) ५० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि स्टँड.
३. ॲक्टिव्ह जोडी, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच.

दुकानात टॉवर ऐकले तेव्हा डग्ग्याचा घुमारा ऐकून पहिल्यांदा मी खूश झालो. पण विलंबित ख्याल लावून निवांत बसल्यावर गायकाचा आवाज छातीत अडकल्यासारखा वाटू लागला. 'आ'कार मोकळा येईना. बुकशेल्फवर गळा स्वच्छ होता, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंज) सुटी ऐकू येत होती, मात्र डग्गा थोडा हलका. मला गळा आणि तानपुरा सगळ्यात महत्त्वाचा. त्यासाठी डग्ग्यावर किती पाणी सोडावं लागेल, हे कळत नाही.

शिवाय कागदावरच्या आकड्यांनी गोंधळ वाढवलाय. बुकशेल्फची सेन्सिटिव्हिटी (१ वॉट दिल्यावर १ मीटरवर येणारा आवाज) ८४ डेसिबल आहे आणि टॉवरची ८८. मग ५० वॉट पुरतील का? बुकशेल्फ '४५ हर्ट्झपासून' वाजतात असं लिहिलंय, ते कितपत धरून चालायचं? ज्यांनी लहान खोलीत शास्त्रीय संगीतासाठी स्पीकर लावलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

तुमच्या कानांनी निम्मं काम केलंय. माझं मत दुसऱ्या पर्यायाला, आणि त्याचं मुख्य कारण तुमची खोली.

प्रत्येक खोली काही ठरावीक खालचे स्वर स्वतःच फुगवते. तुमच्या मापांवरून ते ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास येतात, आणि लांबी-रुंदी मिळून आणखी एक ७३ च्या जवळ. खाली जोरात वाजणारा टॉवर भिंतीलगत ठेवलात तर ही फूग वाढेल. दुकानातल्या मोठ्या खोलीत जो घुमारा भरदार वाटला, तो घरी सगळ्या बंदिशीखाली गुंगत राहील.

आता तानपुरा. गायकाचा षड्ज काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर, खर्जाची तार एक सप्तक खाली, ६९ वर. चांगला साडेसहा इंची वूफर तिथवर आरामात पोचतो. शिवाय तानपुऱ्याची खरी श्रीमंती वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक स्वरांत) असते, त्यामुळे वूफरकडून ट्वीटरकडे (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याकडे) आवाज जातो तो २ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा एकसंध हवा. तिथे सांधा दिसला की जवारी कर्कश होते. या एका गोष्टीवर मी स्पीकर नाकारेन.

'४५ हर्ट्झ' सोबत ±३ डेसिबल, म्हणजे तिथवर आवाज फार तर ३ डेसिबल कमी-जास्त होतो, असं लिहिलंय का पाहा. नसेल तर तो आकडा सोडून द्या, कारण काही कंपन्या आवाज १० डेसिबल पडल्यावरचा आकडाही छापतात.

वॉटची काळजी नको. ८४ डेसिबलचे दोन स्पीकर, प्रत्येकी १ वॉट, २ मीटरवर: तुमच्या खुर्चीपाशी ८१ डेसिबलच्या आसपास, आणि हळू ऐकण्यासाठी तेही जास्तच. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात, म्हणजे ५० वॉटला १७ डेसिबल हाताशी राहतात. तबल्याच्या थापेला एवढं पुरे. पण इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) बघा. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ॲम्प्लिफायर ४ ओहमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

ॲक्टिव्हही वाईट नाहीत, जागा आणि वायर वाचते. रात्री हळू ऐकता म्हणून एक तपासा: गाणं बंद ठेवून चालू करा आणि तुमच्या अंतरावरून 'स्स' ऐकू येतं का पाहा. माझा कल तरीही वेगळ्या ॲम्प्लिफायरकडे, कारण तो बिघडला तर स्पीकर तरी शाबूत राहतात.

धागाकर्ता

मनापासून आभार, षड्ज-खर्जाचा हिशोब कुणी असा मांडला नव्हता. दोन शंका. बुकशेल्फचा पोर्ट (खालच्या आवाजासाठी पेटीला ठेवलेलं भोक) मागे आहे, भिंतीजवळ चालेल? आणि दोन जोड्यांची तुलना नीट कशी करू?

प्रतिसाद

चालेल, पोर्ट आणि भिंतीत वीतभर जागा ठेवा. खालचा आवाज फुगला तर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालून बघा, बरेच कंपनीवाले तो सोबत देतात. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून बरोबर ६० सेंटिमीटरवर मात्र येऊ देऊ नका. भिंतीवरून परतलेला आवाज तिथे १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो, म्हणजे नेमका तुमच्या गायकाच्या षड्जाला. ४० सेंटिमीटरवर आणलात तर तो खड्डा वर, २१४ च्या आसपास सरकतो. थोडं पुढेमागे करून ऐका. फरशीवर तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी अंथरा.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या, मोबाइलचं मीटर चालेल. जी जोडी किंचित मोठी वाजते तीच कानाला चांगली वाटते आणि निवड तिथेच चुकते. पाठ असलेलं एकच ध्वनिमुद्रण लावा, आधी रात्रीच्या आवाजात. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा आणि तबल्याची चाट (कडेवरचा टणक आवाज) त्याच्या अंगावर येता कामा नये. स्टँड घेताना तुम्ही बसल्यावर ट्वीटर कानाच्या पातळीला येईल एवढी उंची मोजून घ्या.