मॉन्टेसरी घरी करायचंय, पण टाइम फक्त अर्धा तास

वावरवाली_माय: माझं पोट्टं साडेतीन वर्षाचं हाय, सध्या कापूस वेचणी चालू हाय त दिवसभर वावरात, दिवेलागणीले घरी. मोबाइलवर मॉन्टेसरी (पोट्टे सोताच्या हातानं करून शिकते ते पद्धत) पाहतो पण त्याचं सामान, ते ठोकळ्यायचा गुलाबी मनोरा, मोजाचे मणी, लय महाग हाय बाप्पा. अर्धा तास भेटते, काय करू?

अंगणवाडीताई: सामान काहून घेता ताई? तूर न् हरभरा ताटात मिसळा, दोन वाट्या द्या, निवडू द्या त्याले. एका गडव्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं बी तेच. एकदा हळू करून दाखवा, मंग हात मागं घ्या, सांडलं त फडकं त्यालेच द्या. दाणे नाकात घालते पोट्टे, जवळच बसा.

जुना_मास्तर: हे पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईनं १९०७ मध्ये रोमले पहिलं बालगृह काढलं तेच मजुरांच्या वस्तीत, मायबाप कामावर जाणाऱ्या पोरांसाठी. इकडं ताराबाई मोडक न् अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडले गोरगरिबांच्या पोरांसाठी बालवाड्या चालवल्या. महाग सामानाचं फॅड मले त पटतच नाही.

वावरवाली_माय: काल केलं, वीस मिनिटं हलला नाही! सासूबाई म्हणे डाळ बी निवडून घे त्याच्याकडून 😄