मदत हवी आहे: इंडिगो मरिना किती खाली घ्यावी?

जय खान्देश मंडळी,

वडिलांची टाटा इंडिगो मरिना आहे, पेट्रोल. स्टेशन वॅगन आता रस्त्यावर दिसतच नाहीत, म्हणून ही विकायची नाही, जीव लावून सजवायची आहे.

मागच्या महिन्यात एका गॅरेजवाल्या दादांनी गाडी खाली बसावी म्हणून चारही स्प्रिंगांचे एकेक वेटोळे कापून दिले. उभी असली की गाडी देखणी दिसते. पण शॉकअप मूळचेच लांब ठेवले, त्यामुळे खड्ड्यात स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपची जोडी) तळाला आपटतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलल्याने पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. चोपड्याला शेतावर जाताना मागे आई-वडील आणि डिकीत केळीचे घड असले की प्रत्येक गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. आईची कंबर दुखते, ते बघवत नाही.

आता नवे स्प्रिंग टाकायचे आहेत. तीस मिलिमीटर खाली आणि त्याला जुळणारे आखूड शॉकअप, असे जळगाव, धुळे, नाशिक किंवा सुरतेत कोण नीट करून देतं? की आपल्या रस्त्यांना मूळ उंचीच बरी?

चाकंही बदलायची आहेत, त्यांचा हिशोब मी केलाय: मूळ १७५/६५ आर १४ टायरचा व्यास सुमारे ५८३ मिमी, नव्या १८५/५५ आर १५ चा ५८४.५. म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तोच राहील. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) किती घ्यावा, ते मात्र अनुभवी भाऊंनी सांगा.

एक्झॉस्टमध्ये फक्त मागचा डबा बदलायचाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढणार नाही. आवाज भारी हवा, कर्कश नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीतल्या बदलांबाबतचं) मुळे यातलं काय आरटीओत अडेल?