सीडी डेकवर वाजते, कॉम्प्युटरवर टिकटिक. मदत हवी आहे

शहापूरवाला:
दोन दिवस डोकं खपवतोय. सीडी घरच्या डेकवर झकास वाजते. कॉम्प्युटरला घातली की गाणीच दिसत नाहीत, भलताच कुठला तरी प्लेअर उघडतो आणि त्यातून डब्यात बोलल्यासारखा आवाज. एकदा कशीबशी गाणी उतरली, तर मधेमधे टिक् टिक्. गाडीसाठी पेनड्राइव्हवर हवीत. रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला निघायचंय. लवकर सांगा.

टिळकवाडी_रेडिओ:
सीडी कुठल्या सालची, ड्राइव्ह कुठला, विंडोज कुठलं, उतरवली कशानं? यातलं एक तरी सांगा की.

निपाणीचा_धूर:
टूथपेस्ट. पांढरी, जेलवाली नको. कापसानं गोल गोल घासा, धुवा, वाजवा. काम फत्ते.

खानापूर_लाईन:
गोल गोल कुठलं घासायला सांगताय अण्णा! डेटा गोलच लिहिलेला असतो. आडवा ओरखडा अडीच मिलिमीटरच्या आसपास असला तरी सीडीतली चूक-दुरुस्ती तो भरून काढते. गोल ओरखडा सलग डेटा खातो. पुसायचंच तर मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत.

शहापूरवाला:
ओरखडा नाहीच आहे. डेकवर वाजते म्हटलं ना! २००४ ची सीडी, बाहेर छापलेली. मागं 'कॉपी कंट्रोल' असं गोल चिन्ह आहे. लॅपटॉप, विंडोज १०, यूएसबीचा पातळ ड्राइव्ह. विंडोज मीडिया प्लेअरनं उतरवली.

टिळकवाडी_रेडिओ:
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर टूथपेस्ट वाचली असती. ते चिन्ह म्हणजे कॉम्प्युटरवर कॉपी होऊ नये म्हणून बांधलेली सीडी. चकती चमकत्या बाजूनं उजेडात तिरकी धरा. बाहेरच्या कडेजवळ एक बारीक रेघ आणि तिच्यापुढं वेगळ्या छटेचा पट्टा दिसेल. रेघेच्या आत गाणी, म्हणजे पहिलं सेशन (एका दमात लिहिलेला भाग), बाहेर दुसरं सेशन. डेक पहिलंच सेशन वाचतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह शेवटच्या सेशनवर जातो आणि तिथला प्लेअर, कमी बिटरेटच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या फायली पुढं करतो. तुमचा डब्यातला आवाज तो. शिवाय गाण्यांच्या डेटात मुद्दाम चुका पेरतात. डेक त्या अंदाजानं बुजवतो, घाईत वाचणारा ड्राइव्ह तशाच उचलतो. टिकटिक त्याची.

निपाणीचा_धूर:
मग काळं मार्कर! २००२ मध्ये जगभर गाजली होती ही युक्ती. बाहेरचा पट्टा काळा केला की ड्राइव्हला दुसरं सेशन दिसतच नाही.

खानापूर_लाईन:
चालायची, खरं आहे. पण रेष मिलिमीटरभर आत सरकली की शेवटचं गाणं गेलं. आणि शाई ओली असताना घातली तर ड्राइव्हची लेन्स पण गेली. सॉफ्टवेअरनं होतंय ते पेननं कशाला?

गणेशपूर_६४बिट:
लोकहो, आधी रूटकिट, म्हणजे विंडोजमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर, तपासा! २००५ मध्ये सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीच्या सीड्यांनी गुपचूप एक्ससीपी नावाचं तसलं रूटकिट घातलं होतं, मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञानं उघडं पाडलं. कुठल्याही फाइलच्या नावाआधी डॉलर-सिस-डॉलर ($sys$) लावा. फाइल गायब झाली तर लागण झाली समजा.

टिळकवाडी_रेडिओ:
ही सीडी २००४ ची आहे आणि जात वेगळी आहे. आणि तुमच्याच नावात उत्तर आहे: एक्ससीपीचे ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चढतच नाहीत. चकती घातल्यावर विंडोज काही चालवू का म्हणून विचारेल, तर चालवू नका, तेवढं पुरे.

आता काम. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर घ्या.
ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये सिक्युअर मोड. 'ऑडिओ डेटा कॅश करतो' वर खूण ठेवा, सी-टू (ड्राइव्ह स्वतः कळवतो त्या चुकांची) माहितीवरची काढा, कारण या चकतीत ड्राइव्ह ज्या चुका कळवेल त्यांवर भरवसा नाही.
गाणी दिसली नाहीत तर ॲक्शन मेन्यूत 'डिटेक्ट टीओसी मॅन्युअली' (टीओसी म्हणजे गाण्यांची यादी). चकती चाचपून तो स्वतः यादी बनवतो.
वेग ४एक्स, म्हणजे वाजवायच्या वेगाच्या चौपट. मग एफ-सिक्स, म्हणजे टेस्ट आणि कॉपी. दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे तपासणीचे आकडे, जुळले तर गाणं नीट उतरलं.
खराब जागा तो ८२ वेळांपर्यंत वाचतो, एका गाण्याला अर्धा तास लागला तरी उठू नका. आणि पातळ ड्राइव्ह मधेच खट्‌ करून बंद पडत असेल तर त्याला करंट पुरत नाही. यूएसबी-टूच्या एका पोर्टवर ५०० मिलिअँपिअरच मिळतात. दोन यूएसबी टोकांची वाय केबल लावा, दोन पोर्ट वापरा.

संकेश्वर_वकील:
हे सगळं बेकायदेशीर आहे. कॉपीराइट कायदा, कलम ६५-अ. दोन वर्षांपर्यंत कैद.

खानापूर_लाईन:
कलम अर्धंच वाचलंत, वकीलसाहेब. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या त्या कलमात हक्कभंगाचा हेतू लागतो. आणि खाजगी वापराची सवलत ५२(१)(अ) मध्ये आहे. विकत घेतलेली सीडी स्वतःच्या गाडीत वाजवणं आणि खडेबाजारात कॉप्या विकणं एक नव्हे.

संकेश्वर_वकील:
कोर्टात सांगा ते.

निपाणीचा_धूर:
एवढा घोळ कशाला, यूट्यूबवरनं घ्या की.

शहापूरवाला:
यूट्यूबवर नाहीय, म्हणून तर विचारतोय. मॅन्युअल यादीत १४ पैकी १२ दिसली. त्यातल्या पाचांत सिंक एरर (वाचताना अडल्याची चूक). घरी जुना डेस्कटॉप आहे, आत डीव्हीडी रायटर. त्यात बघू का?

टिळकवाडी_रेडिओ:
आता सांगताय होय! आधी त्यातच. अशा चकत्या एका ड्राइव्हला अडतात, दुसऱ्याला मुकाट उतरतात. पातळ ड्राइव्हपेक्षा आतला बरा.

खानापूर_लाईन:
आणि तरी राहिलीच तर डेकच्या मागच्या आरसीए लाइन-आउटपासून डेस्कटॉपच्या निळ्या, म्हणजे लाइन-इन जॅकला वायर. गुलाबी नव्हे, तो माइकचा, आवाज फाटतो. लॅपटॉपवर हे जमणार नाही, तिथं नुसता हेडसेटचा जॅक. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. शून्याला टेकला की कापला. मिनिटाला दहा एमबी जागा धरा. घूं ऐकू आली तर ती ५० हर्ट्झची, डेक आणि कॉम्प्युटर विजेच्या एकाच एक्स्टेन्शन पट्टीवर लावा.

शहापूरवाला:
डेस्कटॉपवर चौदाही दिसली. तेरांचे सीआरसी जुळले. नववं दोन्ही ड्राइव्हत अडलं, ते निळ्या जॅकनं घेतलं. घूं होती, एका पट्टीवर लावल्यावर गेली.

गणेशपूर_६४बिट:
डेक कुठल्या मॉडेलचा? लाइन-आउट चालू आहे म्हणता, विकणार काय?

शहापूरवाला:
नाही.