'ट्वेंटी ऑड बॉक्सेस' म्हणजे नेमकी किती खोकी? मदत हवी आहे

प्रश्न: रावेरच्या एका केळी पॅकहाउसला बाहेरच्या खरेदीदाराचा ईमेल आलाय. तीन वाक्यं अडली आहेत: 'ट्वेंटी ऑड बॉक्सेस वेअर सॉफ्ट', 'द ऑड फिंगर वॉज ब्रूझ्ड', 'द नेट वेट लुक्स ऑड'. शब्दकोशात ऑड म्हणजे विचित्र. पण विचित्र खोकी कशी असतील? उत्तर आजच धाडायचंय.

उत्तर १: भाऊ, 'विचित्र' आधी बाजूला ठेवा. शब्द जुन्या नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेतल्या 'ओड्डी'वरून आला. ओड्डी म्हणजे त्रिकोणाचं टोक, त्यावरून जोडी सोडून उरलेला तिसरा. म्हणूनच ऑड नंबर म्हणजे विषम संख्या आणि ऑड सॉक म्हणजे जोडीदार हरवलेला मोजा. विचित्रपणाचा अर्थ मागाहून चिकटला.

आकड्यामागे ऑड आला की 'वर काही'. ट्वेंटी-ऑड म्हणजे 20 च्या वर, 30 च्या आत. याला 'वीसएक' म्हणू नका, वीसएकमध्ये 19 सुद्धा बसतात. 'वीसच्या वर खोकी मऊ पडली' असं करा. केळीच्या धंद्यात फिंगर म्हणजे एक केळं, तेव्हा 'द ऑड फिंगर' म्हणजे एखाददुसरं केळं दबलेलं. इथे 'द' महत्त्वाचा. 'अ‍ॅन ऑड फिंगर' असतं तर वेगळंच दिसणारं एक केळं झालं असतं.

उत्तर २: आडवी रेघ आहे का तेही पाहा. रेघेसह ट्वेंटी-ऑड म्हणजे वीसच्या वर. रेघ नसेल तर 'वेगळीच दिसणारी वीस खोकी' असाही अर्थ निघतो. घाईत लिहिणारे रेघ गाळतात. इथे पुढे 'सॉफ्ट' आहे, म्हणून पहिलाच अर्थ धरा.

तिसरं, नेट वेटचं म्हणजे खोकं सोडून नुसत्या मालाच्या वजनाचं वाक्य मात्र नीट घ्या. 'लुक्स ऑड' म्हणजे वजन जुळत नाही, तपासा. आरोप नाही, शंका आहे. माणसाला 'यू आर ऑड' म्हटलं तर लागतं, 'दॅट्स ऑड' लागत नाही. विचित्र या अर्थाचा 'वीअर्ड' ऑडपेक्षा जास्त सलगीचा, व्यवहाराच्या पत्रात नको. 'पिक्यूलियर'चाही अर्थ विचित्र, पण 'पिक्यूलियर टू खान्देश' म्हणजे फक्त खान्देशातलं, त्यात विचित्र काही नाही.

प्रश्न: मग उत्तरात 'ट्वेंटी-ऑड बॉक्सेस अ‍ॅक्सेप्टेड' चालेल का, दादा?

उत्तर १: नको. मग खरेदीदाराला 21 खराब खोक्यांचेही पैसे मागता येतील, 29 चेही. आधी 'प्लीज कन्फर्म द एक्झॅक्ट नंबर ऑफ बॉक्सेस' लिहा, सोबत खोक्यांवरच्या लेबलांचे फोटो मागवा. वजनासाठी पॅकिंग लिस्टवरचं नेट वेट आकड्यात द्या, आणि त्यांनी खोक्यासकट तोललं की नुसती केळी, हे विचारा.